आईंनी भात सोडला

३ फेब्रुवारी

आणलं एकदाचं घरी! न्यूमोनियाने नितेशला पार व्हेंटिलेटरवर नेऊन ठेवलं होतं. वाचला. पण रिक्षापासून खोलीपर्यंत खुर्चीत घालून आणावं लागलं – भांडुपची ही टेकडी धावत चढणारा माझा नवरा. मांड्यांवर मांसच उरलेलं नाही.

६ फेब्रुवारी

व्यायाम करून घ्यायला तेजल यायला लागली. म्हणाली, झडलेलं मांस खाणं आणि हालचाल, दोन्ही मिळूनच भरून येईल. नुसती पेज नको – अंडी, डाळ, मासे. सासूबाईंचा चेहरा पडला. आजाऱ्याला पेज आणि अंथरूण, एवढंच आईंना माहीत. अंडं म्हणे उष्ण पडतं. तरी शेवटी स्वतःच उकडून दिलं.

१० फेब्रुवारी

पलंगाच्या कडेला बसला. घामाघूम. उभा राहा म्हटलं तर भिंतीकडे तोंड फिरवलं. "नाही होणार गं माझ्याने. नको छळूस." अंडंही अर्धं टाकलं. आई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला आधी रडू आलं, मग राग.

११ फेब्रुवारी

भांडलो. बोलत नाहीये.

१५ फेब्रुवारी

आईंनी भात सोडलाय. मालवणी बाई आणि भाताविना! रात्री तर जेवतच नाहीत, भूक नाही म्हणतात. मी म्हटलं, बरंच झालं, साखर आहे तुम्हाला. त्या नुसत्या हसल्या. नितेश अजून उभा राहत नाही. मला दुसरं काही सुचत नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी आई मोरीत पडल्या. साखर एकदम उतरली, खुब्याचं हाड मोडलं. आयसीयूत आहेत. जेवण बंद आणि साखरेची गोळी मात्र वेळेवर! शुद्धीवर आल्यावर विचारलं, असं का केलंत? डोळे मिटूनच बोलल्या – "रवळनाथाक बोललंय. झील आपल्या पायान दारापर्यंत जाईसर भात खावचंय नाय." गावच्या देवाला नवस – मुलगा स्वतःच्या पायांनी दारापर्यंत जाईपर्यंत भात नाही!

नितेशला काही सांगू नको म्हणाल्या. घरी आले आणि सगळं सांगितलं. त्याने टाकलेलं ताट पुढे ओढलं.

२० फेब्रुवारी

उभा राहिला! पलंगाला धरून.

२६ फेब्रुवारी

आईंचं ऑपरेशन नीट झालं. वॉर्डात आणलंय. तिथले डॉक्टरही तेच सांगतात – पोटभर खा, उठून उभ्या राहा, नाहीतर अंथरुणाला खिळाल. जेमतेम दोन घास डाळ खातात. भात तसाच परत पाठवतात. उभं राहायला अंगात जोरच नाही. भीती वाटते मला. खूप.

इकडे नितेश वॉकर धरून पावलं टाकतो, बसतो, परत उठतो. अंडं मागून खातो.

४ मार्च

गेला दारापर्यंत! तेजल बाजूला उभी होती, हात न लावता. मी म्हटलं, थांब, आईंना फोन लावते.

"फोन नको. रिक्षा बोलव."

टेकडी उतरायला खुर्चीच लागली. वॉर्डात मात्र वॉकर धरून त्यांच्या खाटेपर्यंत चालत गेला. भाताचा डबा मी उघडला. चमचा त्याने धरला.

"आये, दारापर्यंत चललंय गे. आता खा."

आईंनी तोंड उघडलं.