न धुतलेल्या तुती

सोनागिरी, भोपाळ
१८ मार्च

चि. शशिकलास ताईचे आशीर्वाद.

तन्वी घरी पोहोचताच तुला सगळे सांगणार, म्हणून आधी मीच लिहिते आहे. माझी तब्येत उत्तम आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस.

अंगणातल्या झाडाला यंदा तुती भरपूर आल्या. त्या ठेवायची माझी रीत तुला ठाऊक आहे. डब्यात कागद घालून एकाच थरात, न धुता फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि खाताना धुवायच्या. ओल्या ठेवल्या की दोन दिवसांत बुरशी धरते. ह्यांना ते तीस वर्षांत पटले नाही. "माती खाऊ घालतेस का?" म्हणत सगळ्या धुऊन ठेवायचे आणि माझी बोलणी खायचे. हे जाऊन आता वर्ष झाले.

गेल्या आठवड्यात तीनदा डबा उघडला, तर तुती धुतलेल्या आणि कागद भिजलेला. घरात मी एकटीच. तिसऱ्या वेळी मी "अहो" अशी हाक मारली.

परवा तन्वी आली. काल म्हणाली, "मावशी, तूच धुतेस गं. आत्ता माझ्यासमोर धुतल्यास. वर मलाच विचारलंस, माती खाऊ घालतेस का?"

मला काही आठवत नाही. मी तिच्यावर ओरडले, ते चुकले.

सोमवारी डॉक्टरकडे जाणार आहे. तू आलीस तर बरे होईल. घाई नाही.

तुझी,
मंजूताई

तन्वीच्या हाती दिले: तुतींचा डबा एक, तिच्यादेखत भरलेला, न धुता. या घराची दुसरी किल्ली एक.