खिशातली खडीसाखर

पंचवटी, नाशिक
१२ जून

चि. सौ. भाग्यश्री हिस,

साळूबाईचे आशीर्वाद. पिंकीला पापा. तुझ्या आईवडिलांना नमस्कार सांग. कांदा चाळीत भरून झाला असं ललित म्हणाला, बरं झालं. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे ठीक म्हणायचं.

पत्र बघून तुला हसू येईल. पण महिना झाला, तू माझा फोन उचलत नाहीस. आणि उचललास तरी माझं तोंड माझ्या आधी धावतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? कागदावर निदान खोडता येतं. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, चालवून घे. रविवारी ललित तुम्हा मायलेकींना भेटायला देवळ्याला येईल तेव्हा त्याच्या हाती देते. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवणार आहे, त्यानं मधेच फोडलं तर कळेल.

आधी तुझ्या सासऱ्यांची खबर. तू माहेरी गेल्यावर आठच दिवसांनी त्यांना दवाखान्यात भरती केलं. ललितनं सांगितलं असेल, पण तो अर्धं सांगतो. उजव्या पायाच्या करंगळीला चपलेचा पट्टा लागून फोड आला होता. यांना दुखलंच नाही, म्हणून कुणी बघितलं नाही. चादरीला डाग पडला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, शुगर अशीच राहिली तर बोट काढावं लागेल. पाच दिवस ठेवून घेतलं. आता जखम भरत आलीय, कडेनं गुलाबी कातडी धरलीय. बोट राहिलं.

रोज संध्याकाळी मी त्यांचे पाय बघते. तळव्याखाली तुझा तो छोटा आरसा धरते. न विचारता घेतलाय. घाटावर अनवाणी जायचं बंद. जेवायला दोन बाजरीच्या भाकरी, भाजी, डाळ आणि भात अर्धी वाटी. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी मी बंद केली, तर म्हणाले, "देवाला काय सांगू?" म्हटलं, देवाला मी सांगते, त्याचं माझं बरं जमतं. चहा बिनसाखरेचा. पहिला घोट घेताना तोंड असं करतात, जणू मीच त्यांच्या जिवावर उठलेय.

हे लिहिलं आणि हात थांबला. हेच मी तुला म्हणाले होते ना.

तू सगळं बघितलंस, तरी पुन्हा लिहिते. कारण माझ्या बाजूनं ते कसं होतं हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. एप्रिलअखेरपासून यांची शुगर वर चढायला लागली. अडीचशे, तीनशे दहा, तीनशे अठ्ठ्याऐंशी. डॉक्टरांनी दोनदा इन्सुलिनचा डोस वाढवला. भाकरी मी मोजून देत होते, गोडाचा डबा कुलपात होता. मग शुगर वाढते कशानं? घरात चोर आहे असं माझ्या डोक्यानं घेतलं. त्यात आक्काबाई फुलबाजारात शेजारच्या गाळ्यावरून म्हणाली, "सून लय लाड करती गं सासऱ्याचा." ती सहज बोलली असेल. मी मात्र ते मनात धरून बसले.

आणि त्या दिवशी गाळ्यावर यांचा सदरा खुंटीला अडकवताना खिशात पुरचुंडी लागली. पिंकीच्या जुन्या फ्रॉकच्या कापडाची, तुझ्या हातची शिलाई. उघडली तर वर खडीसाखर. मला वाटलं, सापडला चोर. पुढचं मी विचारायला नको का? नाही विचारलं. तू हार ओवत बसली होतीस, पिंकी तुझ्या मांडीला टेकून पाकळ्या गोळा करत होती. अख्ख्या फुलबाजारासमोर मी ओरडले, "माझ्या कुंकवावर उठलीस का गं?"

तू म्हणालीस, "आई, ती साखर..." मी पुढे बोलू दिलं नाही. तू हार पूर्ण केलास. गाठ मारलीस, पाणी शिंपडलंस, टोपलीत ठेवलास, पिंकीचा हात धरलास आणि निघालीस. तो हार अर्धा टाकला असतास तर मला भांडायला तेवढं तरी निमित्त राहिलं असतं.

यांना मी नंतर विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं तर तेव्हा तोंड का नाही उघडलं? म्हणाले, "तू उघडू देती का?"

१३ जून

काल गिऱ्हाईक आलं म्हणून पत्र ठेवलं. खरं सांगायचं तर गिऱ्हाईक गेल्यावरही उघडलं नाही.

दवाखान्यातलं राहिलं. तिथं आहाराचं सांगणाऱ्या बाई आल्या. मला म्हणाल्या, "यांच्या खिशात साखर ठेवता ना? तुमच्या सुनेला मी सांगितलं होतं. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर कधी एकदम खालीही जाते. तेव्हा लगेच साखर लागते." मी म्हटलं, "हो, ठेवतो की." बघ, तिथंही खोटं बोलले. आणि घरी आल्यावर साखर ठेवली का? नाही ठेवली. ती ठेवायची म्हणजे तू बरोबर होतीस असं रोज सकाळी यांच्या खिशात हात घालून म्हणायचं. ते माझ्यानं होईना.

मागच्या मंगळवारी लग्नाची ऑर्डर होती, चाळीस हार आणि मुंडावळ्या. सकाळी इंजेक्शन घेतलं, नाश्ता अर्धा टाकून हे गाळ्यावर आले. जेवायला बारा वाजता उठायचे ते दोन वाजले. सुईत दोरा जाईना. मला वाटलं, डोळे. मग बघते तर सदरा पाठीला चिकटलेला, हात थरथरताहेत. मला म्हणाले, "जिजे, गाय सोडली का?" जिजी म्हणजे यांची बहीण, तिला जाऊन अकरा वर्षं झाली. आक्काबाई म्हणाली, "ऊन लागलंय, डोक्यावर पाणी घाल."

आणि मला तुझी पुरचुंडी आठवली. ती मी टाकली नव्हती. ललितला पुरावा दाखवायचा म्हणून गल्ल्याच्या डब्यात ठेवली होती. सुटी नाणी उपसून तळाशी सापडली. घाईनं उलटी केली तर साखरेबरोबर घडी घातलेली चिठ्ठी पडली. तुझं अक्षर: "घाम, थरथर, बडबड दिसली तर शुगर कमी झाली समजा. शुद्धीत असतील तर साखर चावायला द्या. चार मोठे खडे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या. पंधरा मिनिटांनी मशीनवर बघा. मग जेवण द्या. घाबरू नका. भाग्यश्री." खाली तुझा नंबर.

यांच्या पिशवीतल्या शुगरच्या मशीनवर चोपन्न दिसले. चार खडे दिले. चावताना खाली पडले ते यांनी लहान मुलासारखे वेचून खाल्ले. पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे बघत उभी होते. मग ब्याण्णव. हे इकडंतिकडं बघून म्हणाले, "हार किती झाले?" मी तिथंच खाली बसले आणि रडले, मोठ्यानं, बाजाराची लाज न ठेवता.

घाबरू नका, हे तू मलाच लिहिलं होतंस ना? त्यांना असं होईल तेव्हा जवळ मीच असणार, हे तुला ठाऊक होतं.

त्याच दुपारी मी आक्काबाईला हाक मारली, समोरच्या दोघींना बोलावलं आणि चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. म्हटलं, ज्या आवाजात मी माझ्या सुनेला चोर म्हटलं त्याच आवाजात सांगते, तिनं माझ्या नवऱ्याला वाचवलं आणि मी तिला हाकललं. आक्काबाईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, "मी पण बोलली व्हती गं." मी म्हटलं, तू बोललीस, पण ओरडले मी.

पत्र इथं संपवायचं ठरवलं होतं. एवढ्यावर तू परत आली असतीस, असं मला वाटतं. पण एक राहिलंय. ते न लिहिता तुला बोलावलं तर ती फसवणूक होईल.

तू विचारशील, मग शुगर वाढली कशानं? गोड तर कुणीच देत नव्हतं. दवाखान्यातल्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी आमची इन्सुलिनची बाटली मागितली. तळहातांत फिरवली, उजेडाला धरली. विचारलं, "ही गोठली होती का?" आपला फ्रिज एप्रिलअखेर बंद पडला, आठवतं? दुरुस्तीला कोण धावणार, गाळ्यावर रोज ताजा बर्फ येतोच, असं म्हणून बाटली मी रोज घरी आणायच्या फुलांच्या थर्माकोलच्या पेटीत ठेवायला लागले. मोगरा वर, बाटली खाली, बर्फाच्या लादीला चिकटून, म्हणजे जास्त गार. मोगरा बर्फावर दोन दिवस ताजा राहतो, औषध का नाही राहणार? सिस्टर म्हणाली, इन्सुलिन थंड ठेवायचं, गोठू द्यायचं नाही. एकदा गोठलं की त्यातली ताकद जाते, मग कितीही डोस वाढवा. म्हणजे जवळजवळ महिनाभर यांना रोज दोनदा सुई टोचून आम्ही जवळजवळ पाणीच देत होतो. नवी बाटली दिली, डोस परत खाली आणला आणि दोन दिवसांत शुगर उतरली.

सिस्टरला मी म्हटलं, "आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो." ललितलाही तेच सांगितलं. मंगळवारी बाजारात एवढं रडले, तेव्हाही आक्काबाईला तेच. अडाणी बाई, तिला काय माहीत, असं म्हणून सगळ्यांनी मला माफ केलं.

भाग्यश्री, तू सांगितलं होतंस. मे महिन्याच्या सुरुवातीला, सकाळी, यांना इंजेक्शन देताना. बाटली माझ्यासमोर धरून म्हणालीस, "आई, यात दूध फाटल्यासारखे कण दिसताहेत. बर्फाला लावून ठेवू नका, मेडिकलवाले नको म्हणाले होते." मी म्हटलं, "तू डॉक्टर लागून गेलीस का?" आणि पेटीचं झाकण लावलं. पुढे तू दोनदा ती बाटली उचलून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलीस. दोन्ही वेळा मी ती परत बर्फावर नेली. माझ्या घरात औषध कुठं ठेवायचं हे सून ठरवणार का, एवढंच माझ्या मनात होतं. त्यांचं बोट त्या हट्टापायी जाणार होतं.

हे मी यांना काल रात्री जेवताना सांगितलं. हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तिला लिही." म्हणून लिहिलं.

फ्रिज दुरुस्त झालाय. बाटली दाराच्या कप्प्यात असते, बर्फाच्या खणापासून लांब. पुरचुंडी रोज सकाळी मी त्यांच्या खिशात ठेवते, साखर नवीन भरलीय, चिठ्ठी तीच आहे. पिंकीची शाळा पुढच्या आठवड्यात उघडते. तिचा गणवेश मी धुऊन इस्त्री करून ठेवलाय, पण तेवढ्यासाठी ये असं म्हणत नाही. ललितबरोबर आलीस तर बाजारात आक्काबाईसमोर ही शेवटची गोष्टही मी मोठ्यानं सांगेन. नाही आलीस तरी सांगेन, सोमवारी सकाळी, पहिला हार विकायच्या आधी.

तुझं ऐकू आलं होतं, तरी न ऐकलेली,
साळूबाई