पाणखांबाची रेघ

३ जुलै

या घराविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती पहिल्याच पानावर नोंदवून ठेवतो. विजेची बटणं गुडघ्याच्या उंचीवर आहेत. पंखा लावायचा तर वाका, दिवा लावायचा तर वाका. पाठशाळेत गुरुजींपुढे जेवढा वाकलो नाही तेवढा काल संध्याकाळपासून या बोर्डापुढे वाकतो आहे. शेजारचा अयूब वायरमन आहे. तो म्हणाला, ठेकेदाराला वायर वाचवायची होती, म्हणून सगळं खालूनच फिरवलं. तुम्ही नशीबवान सर, तुम्ही बुटके.

बाकी आनंद आहे. वर्तमानपत्राने मला नागपूरहून सिरोंच्याकडे धाडलं, ही बढती की शिक्षा हे संपादकांनी अजून उघड केलेलं नाही. राहायला मिळालं ते कोत्तापेठेत. तीन वर्षांपूर्वी जुनं गाव पुरात गेलं, त्या लोकांसाठी बांधलेली ही नवी वसाहत. धनराज नावाच्या गृहस्थाला इथे घर मिळालं, पण तो हैदराबादला कामाला, म्हणून मी भाडेकरू. पांढऱ्याशुभ्र भिंती, वर सपाट स्लॅब, मागे सागाचं रान, समोर उतारावर प्राणहिता. कमानीवर लिहिलंय, 'पूरमुक्त वसाहत'. तत्पुरुष समास. पुरापासून मुक्त की पुरासाठी मुक्त, म्हणजे पंचमी की चतुर्थी, हे नदी ठरवेल.

बायकोला, स्वातीला, फोन केला. नवा गुडघा बसवल्यापासून तिला जिना चढायची बंदी आहे. सांगितलं, या घराला जिनाच नाही, गच्चीवर जायची सोयच नाही. खूश झाली. पंधरवड्याने येते म्हणाली.

६ जुलै

पलीकडच्या घरात सोमारी आणि तिचा नवरा सुकलू राहतात. धान, थोडी मासेमारी. माझ्या चहात साखर कमी असते म्हणून सोमारीला माझी दया येते. आज तिने मला पाणखांब दाखवला.

हातपंपाजवळच्या खोलगट जागेत तो उभा आहे, पुरुषभर उंचीचा काळा दगड. त्यावर गेरूच्या रेघा. जुन्या गावाची चाल अशी की पूर ओसरला, की गाळ जिथवर चढला तिथे गेरूत तीन बोटं बुडवून रेघ ओढायची. नवं घर बांधताना जोतं त्या रेघेच्या वर घ्यायचं. रेघ ओढायचा मान सोमारीच्या सासूचा, आशाबाईचा. मधलं बोट कोळंबीच्या जाळ्यात अडकून वाकडं झालेलं, म्हणून तिच्या रेघेत मधली ओळ तुटक यायची. सोमारी म्हणाली, "कोणाले हात लावू नाई देत होती, सर. म्हणे, तुमच्या बोटाले पाणी समजत नाई."

तीन वर्षांपूर्वीच्या पुरात आशाबाई गेली. त्या पुराची रेघ सुकलूने ओढली. ती सगळ्यांत वरची, आणि एवढीच अखंड.

गाव इथे हलवायचं ठरलं तेव्हा लोकांनी पाणखांब मागे सोडला नाही. घरांची जोती बांधायच्या आधीच उपटला, बैलगाडीत घातला, डफ वाजवत, नारळ फोडत आणला. मला हे फार हृद्य वाटलं. या विषयावर रविवारच्या पुरवणीसाठी लेख लिहीन.

१० जुलै

भिंतीला ओल आली आहे. बाहेर कडक ऊन, नदी तळाला. घोट्याच्या उंचीवर तांबूस पट्टा, खोलीच्या चारही भिंतींवर सरळ. पट्टी लावून काढावा तसा. रंगाऱ्याची हयगय म्हणावी, तर अयूबच्या घरातही तोच पट्टा, तेवढ्याच उंचीवर. अयूबची बायको अख्तरी दोनदा पुसून थकली. वास नदीच्या गाळाचा येतो.

लेख लिहायला बसलो आणि एका साध्या प्रश्नावर अडलो. उंच काठावरचा खांब उपटून खोलगट जागेत रोवला, तर त्याच्यावरची रेघ कुठे गेली?

१३ जुलै

आज माझा संताप झाला आहे. अक्षर बिघडलं तर बिघडो.

वसाहतीचे तरुण अभियंते राजदीप यांना गाठलं. विनम्र मुलगा, हसतमुख. नियम त्यांनी तोंडपाठ सांगितला: आजवरच्या सर्वांत मोठ्या पुराच्या रेघेवर जोतं दोन फूट. पूर कुठून मोजला, विचारलं. म्हणाले, खांबावरून. गावकऱ्यांचाच खांब, गावकऱ्यांचीच रेघ. पण खांब आता खड्ड्यात आहे ना, मी म्हटलं. त्यावर ते हसतमुखानेच म्हणाले, "सर, खांब आम्ही थोडी आणला? त्यांनीच वाजतगाजत आणला. आम्ही रेघ मोजली. मंग आमची चूक काय?"

खड्ड्यात खांब रोवा हे सुचवलं कोणी? ठेकेदार बापूरावांनी. बायांना हातपंपाचं पाणी खांबाला घालायला सोपं जाईल, म्हणे. केवढी ही श्रद्धा! घरं वर उचलायची तर भराव टाकावा लागतो. म्हणून यांनी पूर खाली उतरवला. आणि तो उतरवण्यासाठी लोकांच्याच हातून नारळ फोडून घेतला.

जिना का नाही, हेही विचारलं. लोक गच्चीवर मिरच्या वाळवतात, स्लॅब गळतो, असं उत्तर मिळालं.

पट्टा आज बटणांच्या बोर्डापर्यंत आला आहे.

१६ जुलै

ओल नाही ती. ओल झिरपते, पसरते. ही ओढलेली आहे. जवळून पाहिलं तर तीन ओळी आहेत, बोटांच्या. सकाळी उठावं तो मागची रेघ पुसलेली आणि नवी वर, खिडकीच्या कठड्याला. वसाहतीतल्या प्रत्येक घरात.

कोणी खोडसाळपणा करतं म्हणावं, तर काल दाराला आतून कडी होती.

तिन्हींतली मधली ओळ तुटक आहे.

तुटक ओळीचं मी सोमारीला बोललो नाही. तिच्या घरातली तिने पाहिलीच होती; माझ्या दारातून हीही पाहिली आणि पदर डोक्यावर घेतला. भीतीने नव्हे, सासूसमोर घेतात तसा. मग सुकलूला म्हणाली, "तुवी माय मापून राह्यली."

१९ जुलै

पाणखांबाची बातमी पाठवली होती. रेघांचं लिहिलं नाही, संपादकांना माझ्या प्रकृतीची काळजी लागली असती. बातमी आली ती आतल्या पानावर, चौकटीत, गादीच्या जाहिरातीखाली. मथळा: 'नागरिकांनी जपली परंपरा'.

बापूरावांकडे गेलो. चहा दिला. म्हणाले, तीन वर्षांत आला का पूर? नाई ना? मंग कायले घाबरवून राह्यले लोकांले. मी म्हटलं, घाबरवणारा मी नव्हे, तुमच्या भिंती बोलताहेत. ते म्हणाले, चुना मारून देतो. खरंच माणूस पाठवला. चुना मारला. संध्याकाळी चुन्यावर रेघ होती, माझ्या छातीला.

वरच्या धरणांवर पाऊस सुरू आहे म्हणतात. स्वातीला फोन करून येऊ नको सांगितलं. तिने विचारलं, स्वयंपाकीण इतकी चांगली मिळाली का? मग फोन तुटला. रेंज नाही.

२१ जुलै

स्वाती आली. गडचिरोलीहून एसटीने, दोन पिशव्या, एक काठी. रेघ तेव्हा माझ्या डोक्यावर होती. तिने वर पाहिलं आणि विचारलं, असला पट्टा कोणी रंगवायला सांगितला. तू की घरमालक. मी सगळं सांगितलं. हसली नाही. तिने बटणांचा बोर्ड पाहिला, दाराबाहेर जाऊन स्लॅबकडे पाहिलं, आणि म्हणाली, इथे वर कुठून जायचं?

अयूबने टेम्पो ठरवला. म्हातारी माणसं आणि पोरं आधी, आम्ही दुसऱ्या फेरीत उद्या सकाळी. सुकलू बांबूची शिडी बांधतो आहे. सोमारी दोऱ्या वळते आहे. कोणी रडत नाही. सगळे आशाबाईने सांगितलेलं ऐकल्यासारखे कामाला लागले आहेत.

राजदीप यांना सकाळपासून फोन करतो. लागतो. ते उचलत नाहीत.

२२ जुलै, सकाळ

रेघ आज वर गेली नाही. दाराच्या चौकटीच्या वर, स्लॅबच्या हातभर खाली. तिथेच दोनदा ओढली आहे, घट्ट, जशी शेवटची ओढतात.

म्हणजे मोजून झालं.

पहिली फेरी काल सुखरूप पोचली. दुसरी नाही. नाल्यावर पाणी आलं, रस्ता बंद. टेम्पो पलीकडे, अयूब पलीकडे. अख्तरी इकडे आहे. तिने अयूबच्या पकडीने विजेच्या खांबावरची तार तोडली, नाही तर त्या बोर्डांनी आम्हाला आधीच—

दुपार

पाणखांब बुडाला. त्याची सगळ्यांत वरची रेघ बुडाली. सरकारी हिशेबाने मोठ्यात मोठा पूर येऊन गेला. पाणी आत्ता कुठे अंगणात आहे.

जोत्यावर आलं.

अख्तरी वर गेली. सोमारी वर. सुकलू शिडी धरून कमरेभर पाण्यात. शिडी बारीक, पायऱ्या लांब लांब—

पुढे

बटणं बुडाली. पहिल्या दिवशीची माझी तक्रार मागे घेतो. वाकायची गरज उरली नाही.

स्वाती टेबलावर. टेबल पलंगावर. भिंतीवर, वर, कोणीतरी अजून ओलं बोट फिरवतंय, घाई करा म्हणाल्यासारखं. करतोय बाई, घाईच करतोय. घाई त्यांनी करायची होती, त्या हसतमुख—

सुकलू हाका मारतोय. दोनदा प्रयत्न झाला. दुसऱ्या पायरीवर तिचा पाय—

मघापासून विनोद करायचा प्रयत्न करतोय. सुचत नाही. मला पुराची भीती वाटत नाही, आशाबाईची तर नाहीच. एकच काळजी आहे. हिचा गुडघा वाकत नाही आणि मला ती उचलत नाही. ती म्हणते तू हो पुढे. वही वर फेकतो, सोमारी झेलेल. मी इथेच स्वातीच्या