क्लासचं मुक्तस्रोत पर्व

५ मे २०११
भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये काढलेला आपला क्लास आज लातुरात नावाजलेला, आणि ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर अजून चोरीच्या सॉफ्टवेअरवर. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आज तसं हसत हसत बोलून गेला. लायसन्स घ्या म्हणाला. घेणार नाही. ओपन सोर्स आणणार, म्हणजे कुणीही वापरावं, सुधारावं, वाटावं असं सॉफ्टवेअर. फुकट, आणि वर नीतिमान. विद्या वाटल्यानं वाढते, हे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होतं. फक्त त्यांच्याकडे प्रिंटर नव्हता.
सौ. चंद्रप्रभा म्हणाली, अहो, ऐन ॲडमिशनच्या तोंडावर हे काय काढून राहिले? तिला दूरदृष्टी नाही.

९ मे
आपल्या फिजिक्सच्या मनस्विनी मॅडमनी सगळ्या कॉम्प्युटरांवर लिनक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. मी कॉम्प्युटरांना ऋषींची नावं दिली. वसिष्ठ, कणाद वगैरे. प्रिंटर दुर्वास. म्हणजे निम्मं काम मीच केलं.
संकल्प: रोज एक तास मॅन्युअल वाचणे.

१३ मे, दुपारी
दुर्वास छापत नाही. पूर्वी दुकानदाराला फोन लावून ओरडता यायचं. फुकटच्या सॉफ्टवेअरला रागवायला माणूसच नाही! इंटरनेटवर प्रश्न टाकला. ब्राझीलच्या कुणा सज्जनाचं उत्तर आलं: आधी मॅन्युअल वाचा.
मॅन्युअल सोमवारपासून.

२१ मे
मॅडमनी दुर्वासाला शांत केलं. प्रयोग यशस्वी. मी आधीच म्हणालो होतो. व्यापारी मंडळानं भाषणाला बोलावलंय. विषय: धंद्यात ओपन सोर्स. मॅन्युअल वाचायला आता वेळ कुठला?

२९ मे
भाषण गाजलं. म्हणालो, कुलूपबंद सॉफ्टवेअर म्हणजे अंगठा मागणारा गुरू. टाळ्या. मग आमच्या क्लासच्या समोरच स्वतःचा क्लास चालवणारे, रेणापूरचे हणमंतराव उठले. म्हणाले, सर, लई भारी बोलले. मंग तुमच्या केमिस्ट्रीच्या नोट्स बी ओपनच म्हणायच्या का? हशा. अशा वेळी विद्वानानं मागं सरायचं नसतं. म्हणालो, उद्या सकाळी सीडी घेऊन जा. पुन्हा टाळ्या.
चंद्रप्रभा टाळ्या वाजवत नव्हती. रस्त्यात म्हणाली, त्या नोट्सशिवाय आपल्या क्लासपाशी आहे तरी काय? मी म्हणालो, तत्त्व. ती झपाझप पुढं निघून गेली. पटलं असावं.

३० मे
हणमंतरावांचा माणूस दार उघडायच्या आत हजर. सीडी दिली. चहाही पाजला.

१२ जून
हणमंतरावांनी नोट्स छापल्या. मुखपृष्ठावर माझं नाव, मूळ लेखक म्हणून. माणूस प्रामाणिक आहे. खाली लिहिलंय, चुका दुरुस्त केलेली आवृत्ती. चुका बऱ्याच निघाल्या. ओपन सोर्सचा हा फायदा मी भाषणात सांगितलाच होता.

२० जून
दहावीचा निकाल लागला. आज उदगीरचे एक पालक पोराला घेऊन आले. खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, बसत न्हाई सर, हणमंतरावांचा क्लास कुठला तेवढं सांगा. नोट्स तुमच्याच हायत म्हणे, अन् तिथं कूलर बी हाय. मीच दारापर्यंत जाऊन दाखवला.
गर्दी उद्यापासून सुरू होईल.

२८ जून
झाली नाही. मनस्विनी मॅडमचा राजीनामा. म्हणाल्या, सर, लिनक्सबद्दल तक्रार नाही, पण मला शिकवायला समोर मुलं लागतात. त्याही हणमंतरावांकडेच.
सिस्टीम मात्र आता उत्तम. कुणी वापरत नसल्यानं हँग होत नाही.

११ जुलै
आजपासून हणमंतरावांकडे केमिस्ट्रीला रुजू. आपला क्लास बंद केलेला नाही, विश्रांती दिली आहे. हणमंतराव घरी येऊन म्हणाले, सर, तुम्ही निस्ते वर्गावर या, बाकीचं मी बघतो. चंद्रप्रभानं त्यांना दोनदा चहा केला.
त्यांच्या क्लासात सगळं लायसन्सचं. बटण दाबलं की छापतं. बरं वाटलं. हे बाहेर बोलायचं नाही.
नेमणुकीत एक अट मात्र पक्की झाली: मी कुठंही जाहीर भाषण करायचं नाही. ती हणमंतरावांची नाही; कुणी घातली, हे इथं लिहायची गरज नाही.