पार्सलावरचं नाव

कोल्हापूर,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. धैर्यशीलला मामाकडून आशीर्वाद.

इकडं बरं आहे. सकाळची थंडी सरली. तिकडं कुल्लूत मार्चपासून ट्राउट धरायला परवानगी मिळते, म्हणून गळावर पिसं बांधून केलेल्या चाळीस माश्या वेगळ्या पार्सलानं पाठवल्यात. सगळ्या पाण्यावर तरंगणाऱ्या. कोडोलीच्या कोंबडीवाल्या कृष्णातनं यंदा कोंबड्याच्या मानेची तांबूस पिसं चांगली दिली.

गेल्या हंगामात तू लिहिलं होतंस, "मामा, या वयात तुमचा हात सुधारला. दीड किलोचा ट्राउट खरी माशी समजून आला." त्याला मी उत्तर दिलं नाही.

माझा उजवा हात थरथरतो. दीड वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत. हे पत्र लिहायला तीन दिवस लागले. गळावर बारीक दोरा गुंडाळणं आता होत नाही, पीस निसटतं. पलटणीत असताना तिकडच्याच एका हवालदारानं शिकवलं होतं, ते संपलं.

त्या माश्या आणि या चाळीसही तुझ्या बहिणीनं बांधल्या, संयोगितानं.

तुझी मामी गेल्यापासून तीच येऊन बघते. एकदा माझी धडपड बघून म्हणाली, "सरका मामा, मला दावा." महिनाभर बिघडवल्या, मग जमलं. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती उठून चहा ठेवायला गेली.

तिचा नवरा अतुल आपल्या जातीचा नाही म्हणून तू नऊ वर्षं तिच्याशी बोलला नाहीस. तुला मी काय सांगणार? लग्नात भाचीच्या पाठीशी मामा उभा राहतो. मी कंबर धरली म्हणून कळवलं. कंबर ठणठणीत होती. त्या दिवशी घरी बसून बारा माश्या बांधल्या आणि तुला पाठवल्या.

गेल्या महिन्यात हे तिला सांगितलं.

"ठावं हाय की, मामा. अतुल तुमास्नी लग्नाला न्यायला गाडी घिऊन आलता, तवा तुमी भरलेली घागर उचलत हुता."

मग तिनं अट घातली. "पार्सल माझ्या नावानं जाणार. न्हाय तर मी बांधणार न्हाय."

"त्यानं परत धाडलं तर?"

"येऊ दे की."

तेव्हा पार्सलावर नाव-पत्ता तिचा आहे. घेतलंस तर पोच तिलाच लिही. नको असेल तर पोस्टमनला सांग, ते तिच्या दारात परत येईल. त्या दिवशी मी तिथंच असेन.

तुम्हा दोघांचा मामा,
हंबीरराव