उपाशी कोंबड्यांचं यकृत

तीर्थरूप आत्यास,

खुराड्याच्या वासासकट भाच्याचा साष्टांग नमस्कार. (पत्राला वास येत असेल तर नाक धरून वाच. साबण बदलून पाहिला, यापलीकडे माझ्याकडे उपाय नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धरतेस ना, की अजून 'मला काय धाड भरलीय' म्हणत उतरतेस? आम्ही इथे मजेत, म्हणजे बायको मजेत, लेक मजेत, आणि मी आहे. आतोबांची तब्येत मात्र विचारत नाही, कारण तुझ्या पत्रात तीच पानभर वाचली. डॉक्टरांनी यकृतावर चरबी आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं. आणि आतोबांनी गोळ्या बंद केल्या, चालणं बंद केलं आणि आमच्या कोंबड्यांची पावडर सुरू केली! सकाळ-संध्याकाळ, चमचाभर, कोमट पाण्यातून! का, तर पेपरात भाच्याचा फोटो आला. अगं आत्या, त्या फोटोत माझं नुसतं कोपर आहे. कोपराच्या भरवशावर कुणी औषध सोडतं का?

फोनवरच सांगणार होतो. पण फोन आतोबा उचलतात, 'वाघ आहेस वाघ' म्हणतात आणि मी तोंड उघडायच्या आत ठेवून देतात. (आयुष्यात त्यांनी माझं पहिल्यांदा कौतुक केलं, तेही नको तिथे.) म्हणून लिहितो. नीट चष्मा लावून वाच, मध्येच गॅस बंद करायला उठू नकोस.

मी काय काम करतो हे तू इतक्यांदा विचारलंस आणि शेवटी कंटाळून लोकांना 'तो कोंबड्यांचा डॉक्टर आहे' असं सांगायला लागलीस. तर ऐक. कोंबडीच्या अंगातली बहुतेक चरबी तिच्या यकृतात तयार होते आणि तिथून पोटात जाऊन साठते. वाढत्या पिल्लांत तर हा कारखाना दिवसरात्र चालू. यकृतात काही जनुकं असतात, ती जागी असली की चरबी बनते, झोपली की थांबते. आम्ही यकृताचा तुकडा घेऊन कोण जागं, कोण झोपलेलं एवढंच मोजतो. आता यातली खरी मेख लक्षात ठेव. कोंबडीच्या पोटात दाणा असला की ही जनुकं जोरात असतात, आणि तिला काही तास उपाशी ठेवलं की चिडीचूप. हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून यकृत काढायच्या दिवशी सगळ्या पक्ष्यांना सारखं खायला घालायचं, नाहीतर सगळं मुसळ केरात.

झालं काय, तर एका पावडरीच्या मालकाने आमच्या विभागप्रमुखांना गाठलं. (त्यांना आम्ही पाठीमागे 'तुरेवाले' म्हणतो. डोक्यावर मधोमध केसांचा एकच झुबका आहे आणि आनंद झाला की तो हलतो.) ही पावडर दाण्यात मिसळली की कोंबडीची चरबी कमी होते, असं मालकाचं म्हणणं, ते सिद्ध करायचं काम तुरेवाल्यांनी माझ्या गळ्यात घातलं. अर्ध्या पिल्लांना पावडरीचा दाणा, अर्ध्यांना साधा. पिल्लं वाढली, मी त्यांची घाण उपसली, बायकोने मला घरात वेगळी चप्पल दिली. सगळं नियमाने चाललं होतं. आणि यकृतं काढायच्या नेमक्या त्याच दिवशी मालक स्वतः बघायला येणार असं ठरलं. दुष्काळात तेरावा महिना!

सकाळीच तुरेवाले हातात रुमाल घेऊन शेडमध्ये हजर. पावडरीचं खुराडं फोटोत येणार म्हणून तिथलं तूस बदललं, जाळी पुसली आणि खाद्याची भांडी बाहेर काढून घासूनपुसून चकचकीत करून आत उलटी मांडली. उलटी! म्हणजे पाहुणे येईपर्यंत त्यात दाणा सांडायला नको. साध्या दाण्याचं खुराडं मागच्या बाजूला, फोटोत न येणारं, म्हणून तिकडे कुणी फिरकलं नाही. त्या कोंबड्या आपल्या निवांत चरत होत्या. मी म्हटलं, साहेब, दोन्ही खुराड्यांना सारखं खायला पाहिजे, नाहीतर आजचा हिशेबच चुकेल. ते म्हणाले, पाहुणे येतीलच आता. पाहुणे आले जेवणं उरकून, दुपार कलल्यावर. (गाडी चुकीच्या फाट्याला वळली म्हणे. मोठ्या माणसांना सगळे फाटे माफ असतात.) तोवर पावडरीच्या कोंबड्या भांड्यांना चोची मारमारून थकल्या होत्या आणि मालक म्हणाले, 'अरे वा, किती शांत आहेत हो पावडरीमुळे!'

मग त्यांना खरं विज्ञान बघायचं होतं. भांडी सुलटी करायलाही सवड मिळाली नाही. मी यकृतं काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकली, त्यातून पांढऱ्या वाफा निघाल्या आणि मालक त्या वाफांवर जाम खूश झाले. त्या वाफांसमोर तो फोटो काढला. मध्ये मालक, शेजारी तुरेवाले, आणि डबा उचलून धरलेलं ते कोपर माझं.

पुढचं तुला आता माझ्याइतकंच कळतं. यंत्राने सांगितलं, पावडर खाल्लेल्या कोंबड्यांची चरबीची जनुकं साफ झोपलेली. झोपतील नाही तर काय करतील, पोटात कण नव्हता! तुरेवाल्यांचा तुरा तीन टेबलांवरून दिसेल असा हलायला लागला. मी सगळ्या कोंबड्यांच्या पोटातली चरबी यकृतं काढतानाच काट्यावर तोलून ठेवली होती. दोन्हीकडे सारखीच, उलट पावडरवाल्या कणभर जास्तच गुबगुबीत. ते आकडे समोर ठेवले तर म्हणतात कसे, काटा झालेलं सांगतो, जनुक होणारं सांगतं. मेलेल्या कोंबडीचं अजून काय होणार आहे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. प्रयोग पुन्हा करू म्हटलं, तर पिल्लं आणायला मंजुरी नाही. आणि जुन्या कोंबड्या? त्या तर यकृतं काढली त्याच संध्याकाळी कर्मचाऱ्यांच्या घरी गेल्या. पुरावा फोडणीला पडला, आणि चविष्ट होता असं ऐकतो.

पेपरवाल्यांनी छापलं, 'चरबीची कळ सापडली.' मालकाने डब्यावरचं कोंबडीचं चित्र काढून तिथे सडपातळ माणसाचं लावलं आणि डबा माणसांच्या दुकानात नेऊन ठेवला. असा तो आतोबांच्या हाती लागला. आता पक्का अहवाल जायचा आहे आणि त्यावर माझी सही हवी आहे, कारण यकृतं मी काढली. उपाशी कोंबड्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. सही केली नाही तर माझी नेमणूक कायम होत नाही, हे तुरेवाल्यांनी मला चहा पाजून, पाठीवर हात ठेवून, मुलीची विचारपूस करून सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बायको म्हणते, तुमच्या सहीने कोंबड्या मरणार आहेत का? त्या तर केव्हाच मेल्या. तिचंही चूक नाही, गेली कित्येक वर्षं ती 'यंदा कायम होणार' हेच ऐकते आहे.

पण आत्या, मला राग येतो गं. झोपताना येतो, दात घासताना येतो. शाळेत एकदा गणित दुसऱ्याचं पाहून लिहिलं म्हणून तू मला अंगणात उभं केलं होतंस, आणि इथे सगळं खोटं असून लोक माझे हात हातात घेऊन अभिनंदन करतात. मी तुरेवाल्यांना तोंडावर सांगणार आहे की कोंबड्या उपाशी होत्या, आणि हे लिहिल्याशिवाय माझं नाव त्या कागदावर पडणार नाही. कायम नाही तर नाही. भाजी विकीन.

आतोबांना नमस्कार. लेकीचे तुला पापे.

तुझाच,
भाचा

ता. क. – पावडर आजच्या आज कचऱ्यात टाक. आतोबांच्या गोळ्या पुन्हा सुरू कर, त्यांना हाताला धरून चालायला ने. ऐकले नाहीत तर हे पत्र वाचून दाखव, कोंबड्या उपाशी होत्या तो भाग दोनदा.

ता. क. – वरचं भाजी विकण्याचं मनावर घेऊ नकोस. सही मी कालच केली. पत्र लिहायला बसलो तेव्हा झालेलीच होती. लिहिताना वाटलं, तुला तरी मी करणार नाही असं वाचायला मिळावं.

ता. क. – तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई आणि समोरचे पेन्शनवाले, त्यांनीही माझ्यामुळेच डबे आणले असं लिहिलं आहेस. त्यांना यातलं काही बोलू नकोस. माझी कायम झाल्याची ऑर्डर अजून हातात यायची आहे. आतोबा आपले आहेत, म्हणून लिहिलं.