टबातल्याही उवा

३ नोव्हेंबर
आले एकदाची! फिओर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीच्या, मधोमध तराफा, त्यावर दोन खोल्यांचं घर आणि चहूबाजूंना सॅमन माशांचे जाळीचे पिंजरे. माझं काम माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या उवा मोजायचं. दर आठवड्याला प्रत्येक पिंजऱ्यातले वीस मासे टबातल्या गुंगीच्या औषधात टाकायचे, एकेक उचलून उवा मोजायच्या, परत सोडायचे. सोबतीला गौते, साठीचा, बिनलग्नाचा. त्यानं तपकिरी चीज घालून वॅफल्स केले आणि विचारलं, "काय सुन्निवा, गावातल्या उवा संपल्या म्हणून इकडे आलीस?" मला माणूस आवडला.

१० नोव्हेंबर
आज वाद झाला. गौते माशांच्या अंगावरच्याच उवा मोजतो आणि टब समुद्रात ओततो. गुंगीत सुटून पडलेल्या उवाही मोजणीत धरायलाच हव्यात. मी पाणी गाळलं, तर गाळणीत ओंजळभर! तो म्हणाला, "लिही बाई, खरं लिही. किनाऱ्याची बोट बंद होईल, मग बस माझं तोंड बघत." मी खरा आकडा कळवला.

१२ नोव्हेंबर
बोट बंद. आकडा उतरेपर्यंत इथून कुणी हलायचं नाही, उवा दुसरीकडे पसरतील, असं ऑफिस म्हणतं. उद्या मी घरी जाणार होते. फार एकटं वाटतंय. गौते तर घरातही लोकरी गळपट्टा काढत नाही.

१७ नोव्हेंबर
मासे स्वच्छ! टबही स्वच्छ. मी आनंदानं ओरडले. गौते हसला नाही. त्याच्या गळपट्ट्याखाली दोन पांढरे धागे लोंबत होते. लोकर उसवली असेल म्हणून मी ओढले. ते ओले होते, आणि चिवट. ऊ मादी असली की अंड्यांच्या माळा अशाच लोंबतात, जोडीनं.

१८ नोव्हेंबर
त्यानं स्वतःच सदरा काढला. पाठीला हात पोहोचत नाही, तू मोज, म्हणाला. पहिली चिकटली तेव्हा बरं वाटलं होतं म्हणे, कितीतरी वर्षांत कुणी अंगाला लागलं नव्हतं. मला रडू आलं. मी मोजायला लागले, खांद्यापाशीच आकडा चुकला. हातमोजे घालायचे राहिले –

२० नोव्हेंबर
गौते टबात. सगळं औषध ओतून घेतलंय. श्वास नाही. अंगावर एकही ऊ नाही. पाणी गाळलं – त्यातही नाही. मग कुठे –

२१ नोव्हेंबर
माझ्या मानेवर. काखेत.
ऑफिसचा फोन. बोट तयार आहे, फक्त आकडा सांग. शून्य म्हटलं की सुटले. पण घरी बहीण, तिची तान्ही पोर – मला बघताच ती पोर कडेवर झेपावते –
नाही. खराच सांगणार.
पोट मोजलं. मांड्या मोजल्या. पाठीला हात पोहोचत नाही. अर्धा आकडा कसा कळवू? कुणीतरी हवं, फक्त पाठ मोजायला कुणी –